झोंप : शेतीच्या जमाखर्चांतील विसरलेली बाब
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर भागांतील शेतकरी कुटुंबांसाठीं)

बियाणें किती लागलें, खताच्या गोणी किती पडल्या, आवणीची मजुरी किती झाली आणि शेवटीं खळ्यावर भात किती आलें, याचा हिशेब चांगला शेतकरी तोंडपाठ सांगतो. परंतु ‘काल रात्रीं आपण किती तास निजलांत?’ असा प्रश्न केला असतां तोच शेतकरी हसून उत्तर टाळतो. झोंपेचा हिशेब ठेवावा असें त्याच्या मनांतहि येत नाहीं. सर्व कामें उरकल्यावर जो वेळ उरेल तो झोंपेचा, अशी आपली समजूत आहे. आणि कामें तर कधींच उरकत नाहींत. या समजुतीमुळें आमच्या भागांतील शेतकरी कुटुंबांचें काय नुकसान होत आहे व तें टाळण्यास काय करितां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, झोंप ही कामानंतर उरलेली शिल्लक नसून बियाण्याप्रमाणें आधीं बाजूस काढून ठेवावयाची वस्तु आहे. खावटी कितीहि कमी पडली तरी शहाणा शेतकरी बियाण्यास हात लावीत नाहीं. तोच नियम झोंपेस लागू केला पाहिजे.

आमच्या भागाची स्थिति

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन गांवें आज एकाच लोहमार्गावरील शहरें झालीं आहेत. हा लोहमार्ग कल्याणापासून पळसदरीकडे १८५६ सालीं सुरू झाला, तेव्हां त्याच्या दोहों बाजूंस भातखाचरें व माळरानें होतीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांस आसरा देण्यांत आला, व १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथास आगकाड्यांचा कारखाना, सरकारी शस्त्रसामग्रीचा कारखाना आणि पुढें औद्योगिक वसाहत झाली. बदलापूर सर्वांत मागून वाढलें, पण वाढलें तें झपाट्यानें. २००१ च्या शिरगणतींत कुळगांव-बदलापूरची वस्ती सुमारें ९८ हजार होती. ती २०११ सालीं सुमारें १ लक्ष ७४ हजार झाली.

या वाढीमुळें जमिनी गेल्या, हें सर्वांस दिसतें. रात्र गेली, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत आलें आहे. ज्यांच्या जमिनी राहिल्या त्यांचेंहि घर केवळ भातावर व त्यामागून घेतलेल्या वालावर चालत नाहीं. म्हणून एक भाऊ कारखान्यांत पाळीवर, दुसरा मुंबईस नोकरीवर, आणि सकाळ-संध्याकाळ व रविवारीं शेती, अशी विभागणी पुष्कळ घरांत दिसते. बदलापूर स्टेशनापासून मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ६८ किलोमीटर आहे. एका बाजूच्या प्रवासास लोकल गाडीनें दीड तासाच्या आसपास लागतो. खेड्यापासून स्टेशन गांठण्याचा वेळ निराळा. भाजीपाला घेऊन कल्याणच्या बाजारांत जाणारा शेतकरी तर मध्यरात्र उलटल्यावर अंथरूण सोडतो. अशा घरांची रात्र दोहों टोकांकडून कुरतडली जाते. पहांट गाडीच्या वेळापत्रकानें घेतली, आणि रात्रीचा पहिला प्रहर दिवे, दूरचित्रवाणी व हातांतील मोबाईल यांनीं घेतला. मध्यें जें कांहीं उरतें त्यावर मनुष्य वर्षानुवर्षें दिवस ढकलीत आहे.

पिकासहि रात्र लागते

रात्रीचें महत्त्व शेतकऱ्यास पिकाच्या उदाहरणानें लवकर पटेल. जुन्या गरव्या भातांपैकीं पुष्कळ जाती अशा आहेत कीं, त्या आठ-पंधरा दिवस पुढें-मागें पेरल्या तरी आपल्या ठरल्या सुमारासच निसवतात. याचें कारण असें कीं, या जातींचीं रोपें रात्रीची लांबी ओळखतात. पावसाळा सरत येतो, रात्र लांबूं लागते, तेव्हांच त्यांस लोंबी काढण्याचा इशारा मिळतो. वनस्पतींचा हा गुण अमेरिकेंतील गार्नर व ॲलार्ड या शास्त्रज्ञांनीं तंबाखू व सोयाबीन यांवर प्रयोग करून १९२० सालीं जगापुढें मांडला. रस्त्याच्या मोठ्या दिव्याचा उजेड रात्रभर खाचरांत पडत राहिला तर त्या पट्ट्यांतील भात उशिरां निसवतें, असें जपानांत आढळून आलें आहे. शेवंतीचे बागवान तर फूल लांबविण्यासाठीं मुद्दाम रात्रीं दिवे लावितात.

यांहून जुना एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १७२९ सालीं द मेराँ या फ्रेंच विद्वानानें लाजाळूच्या जातीचें एक झाड अंधाऱ्या जागीं ठेवून पाहिलें. सूर्य दिसत नसतांहि त्याचीं पानें ठराविक वेळीं उघडत व मिटत राहिलीं. म्हणजे वेळ जाणण्याचें घड्याळ झाडाच्या आंतच आहे. माणसाच्या शरीरांतहि असेंच घड्याळ आहे. पेशींमध्यें हें घड्याळ कसें चालतें, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांवरून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हें घड्याळ रोज सकाळच्या उजेडानें जुळविलें जातें. अंधार पडल्यावर मेंदूंतील एका लहानशा ग्रंथींतून मेलाटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें व सर्व शरीरास रात्र झाल्याची वर्दी देतें. डोळ्यांवर पांढरा-निळसर प्रखर उजेड पडत राहिला तर ही वर्दी उशिरां पोंचते. दिव्याखालच्या भातास जसें निसवण्याचें भान राहत नाहीं, तसें मोबाईलच्या उजेडांत पडून राहिलेल्या माणसास निजण्याचें भान राहत नाहीं. दोहोंचें नुकसान एकाच जातीचें आहे.

झोंपेंत शरीर काय करितें

निजलेला मनुष्य रिकामा पडला आहे असें वरवर वाटतें. परंतु चरकसंहितेनें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांस शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे टेकू, म्हटलें आहे, तें उगीच नव्हे. आधुनिक शास्त्रानेंहि झोंपेचीं कामें एकेक करून दाखविलीं आहेत.

झोंप रात्रभर एकसारखी नसते. सुमारें दीड तासाचें एक, अशीं चार-पांच आवर्तनें रात्रींतून होतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोंप अधिक असते, व पहांटेकडील आवर्तनांत स्वप्नांची झोंप अधिक असते. या दुसऱ्या प्रकारच्या झोंपेंत मिटल्या पापण्यांखालीं डोळे भराभर हलतात, असें शिकागो येथील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलें; तेथून झोंपेच्या आधुनिक अभ्यासास जोर आला. गाढ झोंपेंत हृदयाची गति व रक्तदाब उतरतात, आणि वाढीचें संप्रेरक अधिक स्रवतें. त्यायोगें मुलांची वाढ होते व मोठ्या माणसांचे दिवसभराच्या कष्टानें झिजलेले स्नायु भरून येतात. दिवसा शिकलेली गोष्ट झोंपेंत मेंदूंत पक्की बसते. म्हणून जो रोज पहांटे तीन वाजतां उठतो तो केवळ तीन तास कमी निजतो असें नव्हे. स्वप्नांच्या झोंपेचा मोठा वांटा तो गमावतो.

झोंप कमी पडल्यास काय होतें, याचे तीन दाखले देतों. पहिला मधुमेहाचा. १९९९ सालीं शिकागो विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं ११ निरोगी तरुणांस लागोपाठ सहा रात्रीं चारच तास अंथरुणांत राहूं दिलें. इतक्या थोड्या दिवसांतहि त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ति स्पष्टपणें उतरली. दुसरा दाखला रोगप्रतिकाराचा. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १६४ निरोगी लोकांच्या झोंपेची मोजदाद करून मग त्यांच्या नाकांत पडशाचे विषाणु सोडण्यांत आले. सात तासांहून अधिक निजणाऱ्यांशीं तुलना करितां, सहा तासांहून कमी निजणाऱ्यांस पडसें होण्याचा संभव चौपटीहून अधिक दिसून आला.

तिसरा दाखला अपघाताचा, व तो शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावा. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, सतत १७ तास जागलेल्या माणसाचे हात व लक्ष, रक्तांत शेकडा ०·०५ मद्य असलेल्या माणसाइतकेच मंद होतात. आपल्या देशांत वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास तो गुन्हा होतो. वरील प्रमाण ५० मिलिग्रॅम आहे. आतां हिशेब करावा. पहांटे चारला उठलेला मनुष्य रात्रीं नऊ वाजतां बरोबर १७ तास जागलेला असतो. आणि त्याच वेळीं तो स्टेशनावरून मोटारसायकलीनें अंधाऱ्या रस्त्यानें घरीं येत असतो, किंवा उरलेली मळणी उरकावी म्हणून यंत्रास हात घालीत असतो. एक थेंबहि न घेतलेला तो मनुष्य त्या घटकेस झिंगलेल्यासारखा असतो, व हें त्यास स्वतःस कळत नाहीं.

कर्जाची वही

आतां एका घराचा आठवड्याचा जमाखर्च मांडूं. घरचा कर्ता पुरुष चारला उठतो, धारा काढितो, पांचनंतरची गाडी गांठतो, रात्रीं साडेआठला परत येतो, जेवतो, गोठा पाहतो, आणि थोडें बोलणें व थोडा मोबाईल होऊन साडेअकराला निजतो. झोंप झाली साडेचार तास. प्रौढ माणसास रोज निदान सात तास झोंप पाहिजे, असा निर्णय अमेरिकेंतील झोंपेच्या वैद्यांच्या व संशोधकांच्या दोन संस्थांनीं २०१५ सालीं पुराव्यांची छाननी करून दिला आहे. तेव्हां रोजची तूट अडीच तास, व सहा दिवसांची १५ तास. रविवारीं तो नऊ तास निजला तर दोन तास फिटले. १३ तास अंगावर राहिले. पुढच्या सोमवारपासून पुन्हा तोच क्रम.

सावकाराचें कर्ज एखाद्या चांगल्या पिकानें फिटूं तरी शकतें. झोंपेचें कर्ज एका रविवारीं फिटत नाहीं. त्यानें डोळ्यांची आग शमते, पण शरीरांतील बिघाड पुरता भरून येत नाहीं. आणि त्याचें व्याज चिडखोरपणा, विसरभोळेपणा, वाढतें पोट, वाढता रक्तदाब व साखर या रूपानें निमूटपणें चढत राहतें. गाडींत दांडीस धरून उभ्यानें डुलकी लागणें, निवांत बसतांच डोळे मिटणें, गजराशिवाय कधींच जाग न येणें, हीं त्या कर्जाचीं लक्षणें होत. ‘आम्हांस संवय झाली आहे’ असें पुष्कळ लोक अभिमानानें सांगतात. संवय झाली ती थकव्याची; झोंपेची गरज कांहीं कमी झालेली नसते.

या घरास काय करितां येईल? चारला उठणें टळत नसेल तर निजण्याची वेळ साडेनऊ केली पाहिजे. त्यायोगें साडेसहा तास पदरांत पडतात. परतीच्या गाडींत बसावयास जागा मिळाल्यास वीस मिनिटें डोळे मिटावे. गोठ्याचें काम दोघांनीं वांटून घ्यावें, म्हणजे एकास एक दिवसाआड पाऊण तास अधिक मिळेल. हे फेरफार बिनपैशाचे आहेत. फक्त ठरविण्याची गरज आहे.

पाळीवर जाणाऱ्यांसाठीं

ज्यांस कारखान्यांत रात्रपाळी करावी लागते त्यांची स्थिति अधिक बिकट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००७ सालीं, व फेरतपासणीनंतर २०१९ सालीं पुन्हा, रात्रपाळीच्या कामाची गणना ‘माणसांत बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या’ गोष्टींत केली. याचा अर्थ पाळी करणाऱ्या प्रत्येकास रोग होतो असा मुळींच नाहीं. परंतु शरीराच्या घड्याळाविरुद्ध वर्षानुवर्षें वागणें फुकट जात नाहीं, एवढें त्यावरून समजावें.

अशा माणसानें पाळी सुटल्यावर शेताच्या बांधावर न रेंगाळतां सरळ घरीं येऊन निजावें. आमच्याकडे रात्रपाळीवाला म्हणजे ‘दिवसा मोकळा मनुष्य’ असें धरून त्यालाच तलाठ्याकडे, बाजारांत व शेतावर पिटाळण्याची रीत आहे. ती बंद झाली पाहिजे. त्याच्या खोलीच्या खिडकीस जाड गोणपाट किंवा काळें कापड लावून अंधार करावा. पत्र्याचें छप्पर दुपारीं तापतें. त्यावर चुन्याचा पांढरा हात दिल्यास उष्णता कमी होते. पाळीच्या उत्तरार्धांत चहा घेऊं नये व जड जेवूं नये. पाळी बदलतांना सकाळ, दुपार, रात्र असा पुढें जाणारा क्रम उलट्या क्रमापेक्षां शरीरास सोसतो. कामगारांनीं व्यवस्थापकांशीं बोलतांना ही गोष्ट मागून घ्यावी.

खाट व मच्छरदाणी

चांगल्या झोंपेंत निर्धास्तपणाहि येतो. भातशेतीच्या मुलुखांत पावसाळ्यांत जमिनीवर निजणें धोक्याचें आहे, आणि त्याचें कारण केवळ ओल हें नव्हे. मण्यार हा सर्प रात्रीं हिंडतो, उंदरांच्या मागानें घरांत शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करितो. त्याच्या दंशास सूज वा वेदना पुष्कळदां नसतेच; म्हणून झोंपलेल्या माणसास कळत नाहीं. पहांटेस पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं, आणि मग श्वास अडखळतो. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसास पहांटे अशीं लक्षणें दिसल्यास दंशाची खूण शोधीत किंवा मांत्रिकाची वाट पाहत न बसतां त्यास त्याच घटकेस मोठ्या इस्पितळांत न्यावें. तेथें सर्पविषावरील लस व श्वासाचें यंत्र यांनीं प्राण वांचूं शकतात. रायगड जिल्ह्यांत महाड येथें विंचूदंश व सर्पदंश यांवर आयुष्यभर काम केलेले डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांविषयीं विस्तारानें लिहून ठेविलें आहे.

यावर उपाय साधा आहे. खाटेवर निजावें, आणि मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखालीं नीट खोंचाव्या. नेपाळच्या तराईंत केलेल्या पाहणींत मच्छरदाणींत निजणाऱ्यांस सर्पदंश कमी होतो असें आढळलें आहे. शिवाय डांसांपासून होणारे हिंवताप व इतर ताप टळतात, आणि रात्रभर हात झाडीत झोंप मोडण्याचें थांबतें. भाताची कणगी व निजण्याची जागा एकाच खोलींत ठेवूं नये. जेथें दाणा तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें साप.

घरांतील बाया व मुलें

आतांपर्यंत कर्त्या पुरुषाचा विचार झाला. परंतु तो चारला उठतो तेव्हां त्याचा डबा तयार असतो. म्हणजे घरची बाई त्याच्याहि आधीं उठलेली असते. रात्रीं तो निजल्यावर भांडीं, चूल व सकाळची तयारी उरकून ती निजते. ती गाडींत डुलकी घेत नाहीं, आणि दुपारीं आडवी झाली तर आळशी म्हणवून घेते. घरांतील सर्वांत मोठें झोंपेचें कर्ज बहुधा तिच्या नांवावर असतें, व त्याची वही कोणीच पाहत नाहीं. पाणी भरणें, रात्रीं भाजी निवडून ठेवणें, मुलांचीं दप्तरें भरणें, हीं कामें पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं उचलल्यास तिला तासभर सहज मिळेल. वृद्ध सासूसासऱ्यांनीं या कामीं पुढाकार घ्यावा. त्यांचा शब्द घरांत चालतो.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ ते बारा तास, व तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप पाहिजे. परीक्षेच्या दिवसांत पोरास रात्रभर जागवून आपण त्याचें कल्याण करितों असें आईबापांस वाटतें. पाठ केलेलें पक्कें करण्याचें काम झोंप करिते हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां रात्रभर जागून केलेला अभ्यास म्हणजे नांगरल्यावांचून टाकलेलें बीं होय.

पाळावयाचे नियम

(१) निजण्याची व उठण्याची वेळ ठरवावी, व रविवारींहि ती तासाहून अधिक हलवूं नये.

(२) सकाळीं उठल्यावर कांहीं वेळ उघड्या उजेडांत काढावा. शेतकऱ्यास हें औषध बांधावरच फुकट मिळतें.

(३) दुपारीं तीननंतर चहा टाळावा. चहांतील द्रव्याचा निम्मा अंश पांच-सहा तासांनींहि रक्तांत राहतो. तंबाखू व मशेरी याहि झोंप मोडणाऱ्याच आहेत. निजण्यापूर्वीं त्या मुळींच घेऊं नयेत.

(४) दारूनें झोंप लागते असा समज आहे. दारूनें लवकर गुंगी येते हें खरें, पण उत्तररात्रीची झोंप तुटक होते.

(५) निजण्यापूर्वीं तासभर मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा. निजण्याच्या खोलींत दिवा ठेवावयाचाच असेल तर मंद व पिवळसर ठेवावा.

(६) दुपारची डुलकी वीस ते तीस मिनिटें, व तीन वाजण्यापूर्वीं. चरकानें दिवसाची निद्रा सामान्यतः वर्ज्य सांगून उन्हाळ्यांत, रात्री लहान असतात म्हणून, तिची मोकळीक दिली आहे, ती आमच्या हवेस योग्यच आहे.

(७) जो मोठ्यानें घोरतो, घोरतां घोरतां ज्याचा श्वास क्षणभर थांबतो व मग दचकून सुरू होतो, आणि जो आठ तास निजूनहि दिवसा पेंगतो, त्यानें डॉक्टरांस दाखवावें. हा श्वास अडण्याचा रोग आहे; त्यानें रक्तदाब वाढतो, व त्यावर उपाय आहेत.

(८) कर्जाच्या, वांटणीच्या किंवा जमिनीच्या चिंतेनें आठवडेच्या आठवडे झोंप उडाली, मन कशांत लागेनासें झालें, जगणें नको वाटूं लागलें, तर तें मनांत ठेवूं नये. घरच्या माणसांशीं व डॉक्टरांशीं बोलावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक याच कामासाठीं आहे. अशी निद्रानाशाची स्थिति हा दुबळेपणा नसून आजार आहे.

संघानें काय करावें

कांहीं गोष्टी एकट्यादुकट्या घराच्या हातांतील नाहींत. तेथें गांवानें व संघानें पुढें झालें पाहिजे. पहिली गोष्ट विजेची. शेतीपंपास रात्रीं वीज मिळाली म्हणजे शेतकऱ्यास काळोखांत, सापविंचवांच्या भयांत, पाणी धरावयास जावें लागतें. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली ती शेतीपंपांस दिवसा वीज मिळावी या हेतूनेंच. उन्हाळी भाजीपाला करणाऱ्या सभासदांनीं एकत्र अर्ज करून दिवसाच्या विजेची मागणी लावून धरावी.

दुसरी गोष्ट आवाजाची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे; वर्षांतील ठराविक सणांच्या दिवशींच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळूं शकते. लग्नसराईंत व जत्रेंत हा नियम आपणच मोडतों. शहरवाल्यांकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या गांवच्या लग्नांतील वाद्यें दहाला थांबविण्याचा ठराव ग्रामसभेंत करावा.

तिसरी गोष्ट राखणीची. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं एकच मनुष्य महिनाभर माळ्यावर जागतो व दिवसा पुन्हा कामास लागतो. लगतच्या चार शेतकऱ्यांनीं पाळी बांधल्यास प्रत्येकाच्या वांट्यास चार रात्रींतून एकच जागरण येईल. आणि ज्याचें जागरण झालें त्यास दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत कामास बोलवूं नये, असा दंडक ठेवावा.

शेवटीं एक विनंति. प्रत्येक सभासदानें सात दिवस, घरांतील प्रत्येक माणसाच्या निजण्याची व उठण्याची वेळ भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी, आणि आठव्या दिवशीं बेरीज करावी. बाईचा रकाना वगळूं नये. जेथें तूट दिसेल तेथें प्रथम अर्धा तास काढावा. तो टिकला म्हणजे पुढचा अर्धा. खाचराचा बांध फुटला असतां आपण सगळें काम सोडून तो आधीं घालतों, कारण पाणी वाहून गेल्यावर भात उभें राहत नाहीं. झोंपेचा बांध पुष्कळ घरांत केव्हांचाच फुटला आहे. तो घालण्यास पैसा लागत नाहीं; एकमेकांचा विचार व थोडी शिस्त लागते, आणि तीं तर आपल्या घरांत आहेतच.